पडलं ना माझं मत?

गोपीनाथराव खटावकरांचा जन्म फॉर्म भरण्यासाठीच झालाय, असं त्यांची बायको मंदाकिनी चारचौघांत म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. कऱ्हाडहून विमा कंपनीत चिकटलेले गोपीनाथराव बदल्या खात खात जयपूरला पोचले, सी-स्कीम भागातल्या ऑफिसात बसले, दुर्गापुऱ्यात भाड्यानं घर घेतलं, आणि एवढ्या प्रवासात त्यांचा एकही कागद कधी त्रुटी म्हणून परत आला नाही. रिकामा रकाना दिसला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. खटावकर साहेब शिंकले तरी आधी तारीख टाकतील, असं ऑफिसातली पोरं म्हणत. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. छत्तीस वर्षांत एक मेमो नाही, एक ठपका नाही. ही कोरी पाटी तेवढी सांभाळून घरी न्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

नेमकी तेव्हाच निवडणुकीची ड्यूटी लागली. जयपूरपासून फागीच्या बाजूला दीड तासावर खेजडवास नावाची जागा आहे. गाव म्हणावं तर तिथं नगरपालिका आहे, शहर म्हणावं तर चौकात म्हशी बसलेल्या असतात. तिथल्या वॉर्ड नऊचे केंद्राध्यक्ष म्हणून गोपीनाथरावांना नेमलं होतं. मतदार सहाशे चौतीस. उमेदवार चार, त्यातले खरे दोन. एकाची निशाणी कपबशी, दुसऱ्याची शिलाई मशीन. उरलेले दोघे हौसेनं उभे होते आणि त्यांना घरातली तरी सगळी मतं मिळतील की नाही, याची शंकाच होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी पथक शाळेत उतरलं. बाकीचे रजया आणि खिचडीच्या मागे लागले, तर गोपीनाथराव खिडकीशी उरलेल्या उजेडात कागद पसरून बसले. सकाळी धांदल उडते, म्हणून जेवढं भरता येईल तेवढं आदल्या दिवशीच भरून ठेवायचं, ही त्यांची जुनी शिस्त. त्या शिस्तीत त्यांनी चाचणी मतदानाचं प्रमाणपत्रही भरून टाकलं. मतदान सुरू होण्याआधी एजंटांसमोर मशीनवर थोडी खोटी मतं टाकून दाखवायची असतात आणि मग ती पुसायची असतात. ‘चाचणीची मतं पुसून मशीन शून्यावर आणले — होय.’ वेळ सात दहा. खाली सुंदर, गोलाकार सही.

त्यांचा पहिला मदतनीस विजयजी, जवळच्याच एका गावातला शाळामास्तर, हे बघून म्हणाला, “वा साब! असे पीठासीन अधिकारी मिळाले तर आमचं निम्मं काम संपलंच.” गोपीनाथराव नुसते हसले. मनातून सुखावले, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी साडेसहाला एजंट आले. कपबशीकडून छीतरमलजी, सत्तरी कधीच ओलांडलेले, पांढरं धोतर, केशरी साफा, आणि आवाज असा की कुजबुजले तरी वऱ्हांड्यात ऐकू यावं. शिलाई मशीनकडून सुगना, तिशीतली, डोक्यावर ओढणी आणि हातात मतदारयादी. प्रत्येक उमेदवाराचं बटण तीन-तीन वेळा दाबलं. एकूण बारा. मशीननं बारा दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता मशीन बंद करून निकाल दाखवायचा आणि तो पुसायचा, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात दिवे गेले. त्याच अंधारात चौथ्या उमेदवाराचा एजंट उशिरा येऊन खुर्चीसाठी भांडायला लागला. त्याला बाक दिला, दिवे आले, बाहेर रांग ओरडायला लागली. गोपीनाथराव टेबलाशी परतले आणि त्यांनी आपण कुठवर आलो होतो हे बघायला प्रमाणपत्र उचललं. सगळे रकाने भरलेले. मशीन शून्यावर आणलं, होय. खाली स्वतःची सही. आपल्या सहीवर अविश्वास दाखवायची त्यांना आयुष्यात सवयच नव्हती. त्यांनी मशीनला सील लावलं आणि म्हणाले, “सोडा पहिला मतदार.”

साडेनऊला दोन तासांचा अहवाल पाठवायचा होता. नोंदवहीत मतदार एकशे सतरा. मशीनवरचं बटण दाबलं, आकडा आला एकशे एकोणतीस.

गोपीनाथरावांनी पुन्हा दाबलं. एकशे एकोणतीस. वही पुन्हा मोजली. एकशे सतरा. फरक बाराचा. मग त्यांना ते अंधारातले दोन क्षण आठवले. ज्या माणसाचा कागद कधी चुकला नाही, त्याचा कागदच खोटं बोलला होता, आणि तेही त्याच्याच अक्षरात.

विजयजीनं त्यांचा चेहरा बघितला, आकडे बघितले आणि क्षणात सगळं ओळखलं. मास्तर निवडणुका करून करून मुरलेला होता. त्यानं आवाज उतरवला. “साब, घाबरू नका. यादीतली बारा नावं काढतो, जी काही झालं तरी येणार नाहीत. कोणी अंथरुणाला खिळलंय, कोणी दुबईला आहे. वहीत बारा अंगठे उठवू. संध्याकाळी वही आणि मशीन बरोबर जुळेल. चारही निशाण्यांना तीन-तीनच पडलीत ना? कोणाचं नुकसान नाही, कोणाचा फायदा नाही.”

बोलणं असं होतं की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. खरोखरच कोणाचं काही जात नव्हतं. गोपीनाथराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. “बघू,” म्हणाले. हा शब्द माणसानं कशासाठी शोधून काढला असेल, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. विजयजीनं तो होकार धरला आणि यादी करायला बसला.

खिडकीतून समोरच्या भिंतीवर बसलेला एक पिवळ्या जाकिटातला माणूस दिसत होता. सकाळपासून हातात मतदार चिठ्ठी घेऊन तो बसला होता, पण आत काही येत नव्हता. गोपीनाथरावांनी सहज सुगनाला विचारलं, तर ती म्हणाली, “त्याची जोड जयपूरला दवाखान्यात आहे, साब. तो नाही यायचा.” गोपीनाथरावांना काही कळलं नाही. विचारायला डोकंही जागेवर नव्हतं.

अकराच्या सुमारास विजयजीनं बारा नावांची चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि शाईचा पॅड उघडला. पहिलंच नाव होतं धापू देवी, वय एक्क्याण्णव. “ही तर दोन वर्षं खाटेवरून उठलेली नाही,” तो पुटपुटला. “हिच्यापासून सुरू करू.”

आणि दारात गलका झाला. दोन साठीचे मुलगे एक खुर्ची उचलून आत येत होते. खुर्चीत मूठभर म्हातारी बसली होती, हातात चांदीची जाड कडी, अंगावर नवी कोरी लाल ओढणी. “धापू काकी आली!” सुगना उठलीच. पण तिच्याआधी छीतरमलजी उठले, विरुद्ध पक्षाचे. त्यांनी वाटेतलं टेबल सरकवलं, म्हातारीची काठी धरली आणि खुर्ची कुठं ठेवायची ते मुलांना दाखवलं.

“हा माझा वैरी,” म्हातारी गोपीनाथरावांना म्हणाली. दात नव्हते, पण हसू भरपूर होतं. “समोरासमोर घरं आमची. चाळीस वर्षं याच्या निशाणीला पाडत आलेय मी.”

“आणि मी हिच्या,” छीतरमलजी म्हणाले.

विजयजीनं शाईचा पॅड हळूच मिटला. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं म्हातारी उशिरा आली असती, तर तिच्या नावापुढं कोणाचा तरी अंगठा उठलेला असता, आणि दोन वर्षांनी खाटेवरून उठलेल्या या बाईला ‘तुमचं मत होऊन गेलं’ असं त्यांनाच सांगावं लागलं असतं.

वहीत क्रमांक पडला दोनशे तीन. डाव्या तर्जनीला शाई लागली. म्हातारी पुठ्ठ्याच्या आडोशामागं बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तिनं गोपीनाथरावांचा हात धरला. “मला ऐकू येत नाही बेटा. शिट्टी वाजली का? पडलं ना माझं मत?”

गोपीनाथरावांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. “पडलं, माँजी.”

“तू म्हणतोस म्हणजे पडलं,” ती म्हणाली, आणि हात सोडला.

तिच्या मागोमाग छीतरमलजींनी मत दिलं. दोनशे चार. मग गोपीनाथरावांनी ती बारा नावांची चिठ्ठी घेतली, तिचे बारीक बारीक तुकडे केले, खिशात घातले आणि केंद्रांवर देखरेख करणाऱ्या झोनल साहेबांना फोन लावला. फोन कानाला लावेपर्यंत त्यांना दुसरी एक गोष्ट कळून चुकली होती. गप्प बसलो तर म्हातारीचं मत मोजलं जाईल. खरं बोललो तर ते जाईल. आणि आत्ता, याच तोंडानं, आपण तिला पडलं म्हणून सांगितलंय. विमा कंपनीतल्या छत्तीस वर्षांत असा रकाना त्यांना कोणत्याही फॉर्मवर भेटला नव्हता.

“हॅलो,” पलीकडून आवाज आला. गोपीनाथरावांनी सगळं सांगून टाकलं.

झोनल साहेबांनी त्यांना जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मतदान चालू ठेवा, मशीन सील करा, पुढचं जयपूरहून ठरेल, एवढा त्याचा सारांश. साडेपाचला मतदान संपलं. पाचशे एकाहत्तर लोकांनी मत दिलं होतं. सहाच्या सुमारास आदेश आला. या केंद्रावरचं मतदान रद्द. परवा फेरमतदान, नवीन पथक. केंद्राध्यक्षांनी लेखी खुलासा द्यावा.

शाळेपुढं तोवर दीड-दोनशे माणसं जमली होती. झोनल साहेब जीपमधून म्हणाले, “तुम्ही काही बोलू नका, पोलीस सांगतील.” पण गोपीनाथराव पायरीवर उभे राहिले. त्यांची हिंदी कऱ्हाडची, इतक्या वर्षांतही ती सुधारली नव्हती. “गलती मेरी है,” ते म्हणाले. “मशीन की नहीं, किसी पार्टी की नहीं. सुबह के बारह वोट मिटाने थे, मैंने नहीं मिटाए. आप सबका वोट मेरे कारण गया.”

आता चपला येतील, असं त्यांना वाटलं. यायलाच हव्या होत्या. लोक सुरतेहून, किशनगढच्या दगडखाणीवरून, रोज बुडवून आले होते. एका माणसाच्या हातात तर रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं. सगळे शांत उभे राहिले.

मग मागून कोणी तरी विचारलं, “परवा किती वाजता?”

“साडेसात,” गोपीनाथराव म्हणाले.

“ठीक आहे,” तो माणूस म्हणाला, आणि लोक पांगले. तिकीटवाल्यानं तिकीट घडी करून पाकिटात ठेवलं. शेवटी छीतरमलजी आले. “चूक कोणी पकडली नव्हती, साब,” ते म्हणाले. “तुम्ही स्वतः सांगितलीत. गाव ऐकतंय.” एवढं बोलून तेही गेले.

दुसऱ्या दिवशी दुर्गापुऱ्याच्या घरात गोपीनाथराव खुलासा लिहायला बसले आणि दुपारपर्यंत त्यांनी फक्त तारीख टाकली. मंदाकिनीनं दोनदा चहा ठेवला, दोनदा गार झालेला उचलला. तिसऱ्यांदा ती बोलली. “अहो, झालं ते झालं. खोटं तर नाही ना वागलात?”

“तेच कळत नाहीये, मंदा,” ते म्हणाले.

चार वाजता विजयजीचा फोन आला. फेरमतदानाला नवीन पथक गेलंय, बंदोबस्त आहे, वगैरे. आणि जाता जाता तो म्हणाला, “ती धापू देवी आठवते ना साब? आज पहाटे गेली. दुपारी दहनही झालं.”

गोपीनाथरावांनी फोन ठेवला. एक्क्याण्णव वर्षं जगलेल्या बाईनं शेवटचं जे काही केलं, ते त्यांच्या समोर केलं होतं, आणि त्यांनीच ते पुसलं होतं. आता तिला उद्याचा दिवस नव्हता.

“मी उद्या खेजडवासला जातोय,” ते म्हणाले.

“आता तिथं तुमचं काय काम?” मंदाकिनीनं विचारलं. सकाळी सहाला मात्र तिनं डबा भरून दिला.

शाळेपासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ ओढलेली असते. तिच्या अलीकडं पक्षांनी थांबायचं. रेघेपासून चार पावलांवर रमाची चहाची टपरी होती. गोपीनाथराव तिथल्या बाकावर बसले. आज ते कोणी नव्हते. गळ्यात ओळखपत्र नाही, हातात कागद नाही.

लोक येत होते. फेरमतदानाला निम्मी माणसंसुद्धा येत नाहीत, हे गोपीनाथरावांना अनुभवानं माहीत होतं. पण इथं परवाच्याच रांगा, त्याच म्हाताऱ्या, त्याच कडेवरच्या मुलांसकट. तिकीटवाला माणूस आला, त्याची गाडी केव्हाच निघून गेली होती. किशनगढवाले ट्रॅक्टरमधून उतरले, कपड्यांवर संगमरवराची पांढरी भुकटी तशीच. जाताना प्रत्येक जण गोपीनाथरावांकडं बघून “राम राम” करत होता. एकानंही टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

फेरमतदानात शाई मधल्या बोटाला लावतात. त्यामुळं परतणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या हाताची दोन बोटं काळी होती, तर्जनी परवाची आणि मधलं आजचं. दहाला धापूबाईचे दोघे मुलगे आले. मुंडण केलेली डोकी, अंगावर पांढरं. मागं सुना, ओढणीत तोंड झाकलेल्या. घरात सुतक, पण रांगेत उभे राहिले. गोपीनाथराव बाकावरून उठले. बसून राहणं त्यांना जमेना.

आणि छीतरमलजी? ते आज आत एजंट म्हणून नव्हते, त्यांच्या जागी पुतण्या बसला होता. ते स्वतः टपरीवरच होते, गोपीनाथरावांच्या समोरच्या बाकावर. दुपारी गोपीनाथरावांनी डबा उघडला, निम्म्या पोळ्या पुढं केल्या. म्हाताऱ्यानं निमूटपणे घेतल्या. तेव्हा गोपीनाथरावांचं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. तर्जनी काळी. मधलं बोट कोरं.

चार वाजले, बोट कोरंच. पावणेपाचला कपबशीचा उमेदवार स्वतः मोटारसायकलवरून आला, घामाघूम. “काका, पाऊण तास राहिलाय. लढत बरोबरीची आहे. एकेक मत...”

“चहा घे,” छीतरमलजी म्हणाले.

उमेदवारानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि चहा न घेताच गेला. दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

म्हातारा पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत गेला तेव्हा गोपीनाथरावांना राहवलं नाही. “रमाजी,” त्यांनी चहावालीला विचारलं, “हे मत का देत नाहीत?”

“जोड गेली ना त्यांची,” रमा म्हणाली, जणू हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं. मग हा माणूस परका आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं स्टोव्ह बारीक केला.

फार वर्षांपूर्वी म्हणे मतदानाच्या दिवशी एका बाजूच्या माणसांची ट्रॉली उलटली. चार जण जागच्या जागी गेले. दुसरी बाजू दोन मतांनी निवडून आली आणि तिनं ढोल वाजवले. त्यानंतर गावात तीन वर्षं डोकी फुटत होती. शेवटी दोन्हीकडची जुनी माणसं पारावर बसली आणि त्यांनी ठरवलं, मरणाच्या जोरावर इथं कोणी जिंकायचं नाही. घराला घर, माणसाला माणूस, अशी समोरच्या बाजूची जोड लावून दिली. जोडीतला एक मेला किंवा दवाखान्यात पडला, तर त्याची जोड त्या दिवशी मत देत नाही. धापू काकीची जोड छीतर काका.

“पण मतदान गुप्त असतं,” गोपीनाथराव म्हणाले. “कोणी कोणाला दिलं, हे कळणार कसं? तपासतं कोण?”

“कोणी तपासत नाही,” रमा म्हणाली. “म्हणून तर पाळायचं ना, साब.”

गोपीनाथरावांना भिंतीवरचा पिवळ्या जाकिटातला माणूस आठवला. ते आयुष्यभर सह्या, शिक्के, सील आणि साक्षीदार यांच्या भरवशावर जगले होते, आणि या म्हशी बसलेल्या चौकाचं गाव एका न लिहिलेल्या शब्दावर चाललं होतं, ज्याला ना फॉर्म होता ना सही. आपण किती मोठ्या ठिकाणी येऊन काय करून बसलो, असं त्यांना वाटलं. आणि त्याच वेळी, असं काही या जगात आहे आणि ते आपल्याला बघायला मिळालं, म्हणून छाती भरूनही आली. साडेपाचला शाळेचं दार बंद झालं. छीतरमलजींनी ग्लास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या सभागृहात मोजणी होती. गोपीनाथरावांना खुलासा घेऊन तिथंच बोलावलं होतं. निवडणूक अधिकाऱ्यानं खुलासा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, “नोंद तर होणार, खटावकर. निवृत्तीच्या कागदांबरोबर जाईल ती.” तीन दिवसांपूर्वी हे वाक्य ऐकून गोपीनाथराव कोसळले असते. आता ते नुसते “हो” म्हणाले. त्यांचे कान बाहेरच्या भोंग्याकडं होते.

वॉर्ड नऊ. एकूण मतं पाचशे एकोणसत्तर. पहिल्या मतदानापेक्षा दोन कमी, फक्त दोन. शिलाई मशीन एका मतानं विजयी.

बाहेर सुगना आणि बायका गुलाल उधळत होत्या, पण ढोल नव्हता. धापूबाईच्या घरासाठी ढोल नको, असं त्यांनीच ठरवलं होतं. वऱ्हांड्याच्या टोकाला छीतरमलजी एकटे बसले होते. शेजारी जुन्या मशीनच्या पेट्या लावून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरच्या पेटीवर चिठ्ठी होती, वॉर्ड नऊ, रद्द, एकूण पाचशे एकाहत्तर अधिक बारा, गोपीनाथरावांच्या सुंदर, गोल अक्षरात.

गोपीनाथराव त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. “एका मतानं, छीतरमलजी. तुम्ही मत दिलं असतं तर बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकावी लागली असती. सगळं माझ्यामुळं. तुमचं मत गेलं. आणि तिला तर मी... तिनं मला विचारलं होतं, पडलं ना म्हणून. मी पडलं म्हणालो.”

म्हाताऱ्यानं मान वर केली. “खोटं कुठं बोललात, साब?” त्यांनी हात लांब करून त्या वरच्या पेटीवर थोपटलं, तीच एक काळी तर्जनी, बाजूचं बोट कोरं. “तुमची वही बघा. दोनशे तीन ती, दोनशे चार मी. दोघांनी दिलं, दोघांचं पडलं. दोन्ही यातच आहेत, शेजारी शेजारी. मोजणाऱ्यांनी मोजलं नाही, ती त्यांची गोष्ट.”

गोपीनाथरावांनी वाकून पायातले बूट काढले आणि भरल्या डोळ्यांनी त्या पेटीला हात जोडले. मागं एक कारकून कागद पुढं करून “साब, इथं एक सही राहिलीय, साब,” म्हणत उभा होता. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.